सरणापुढचे सीन

वामनराव कसा माणूस आहे, हे आमच्या वरवट बकालमध्ये कुणालाही विचारा. देवमाणूस म्हणून सांगतील. फक्त मला विचारू नका, कारण मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो आणि त्याचं कारण मी कुणापासून लपवलेलं नाही.

आमच्या भागात सरण पेटलं की लोक लगेच घरी जात नाहीत. लिंबाच्या सावलीत, ओट्यावर, जागा मिळेल तिथे टेकतात आणि कुणीतरी म्हणतं, "चला, दोन शब्द होऊन जाऊ द्या." मग गेलेल्या माणसाबद्दल भाषण होतं. पुण्याकडच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. एवढ्या धगीत भाषण कसलं देता म्हणतात. पण गावात ज्याला श्रद्धांजली नाही झाली तो माणूस नीट गेलाच नाही, अशी इथली समजूत आहे. आणि आमच्या मोक्षधामात दोन शब्द बोलायचा मान मला कळायला लागल्यापासून एकाच माणसाकडे आहे.

उंचापुरा बांधा, पांढरा पायजमा-सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि आवाज असा की माईक लागत नाही. वामनराव उभे राहिले की बायाबापड्यांचं सोडा, खांद्यावर वासे वाहून आणणारे गडीही नाक पुसायला लागतात. अजून ते बोललेले नसतात तरी. मग ते डोळे मिटतात, एक हात वर करतात आणि एका पिक्चरमधला सीन सांगतात.

होय, पिक्चरमधला. वामनराव जवानीत कापसाची गाडी घेऊन खामगावला जायचे. जिनिंगवर गाडी खाली झाली की बैल झाडाखाली सोडायचे आणि टॉकीजमध्ये शिरायचे. बापाचं एकुलतं एक पोर, वावर भरपूर, विचारणारं कोणी नाही. एकेक पिक्चर पुन्हापुन्हा पाहिला. नाव, गाणी, हिरो त्यांना काही लक्षात नाही. लक्षात राहिले ते रडायचे सीन. कोणता पाऊस कुठे सुरू होतो, म्हातारा कोणत्या पायरीवर बसतो, पोस्टमन आंधळ्या आईला खोटं पत्र वाचून दाखवताना चष्मा का काढतो, सगळं तोंडपाठ. पारावर बसून ते सीनची चिरफाडही करतात. "चष्मा काढल्यावर त्या पोस्टमनाचा चेहरा दाखवतच नाही बे. नुसता कागद हालते. त्यातच मजा हाये," असं काहीतरी. मला सुद्धा लहानपणी ते ऐकायला आवडायचं, हे मी नाकारत नाही.

पण सरणापुढे उभं राहिलं की ते "पिक्चरमध्ये असं होतं" म्हणत नाहीत. ते सीन सांगतात आणि त्यात मेलेल्या माणसाला बसवतात. पहिल्यांदा उपमा म्हणून, दुसऱ्या वाक्याला नावानिशी. ऐकणाऱ्याला कळतही नाही, गाडी कधी रूळ बदलून गेली ते.

भगवंतरावांचंच घ्या. त्यांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बांधावरून वैर होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या, काठ्या निघाल्या, एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत. चुलतभाऊ मेला. वामनरावांनी सीन सांगितला. दुष्काळ आहे, दोन भावांचं बोलणं बंद आहे, आणि मोठा भाऊ रात्री गुपचूप आपला पाट फोडून धाकट्याच्या वावरात पाणी सोडतो. भगवंतराव ढसाढसा रडले. आता ते कुणालाही सांगतात, "भावानं माह्या वावरात पानी सोडलं होतं हो, मले कधी कयूच नाही देल्लं." त्यांच्या भावाच्या विहिरीला पाणीच नव्हतं. सोडणार कुठून? पण हे भगवंतरावांना सांगायची कुणाची छाती नाही, आणि सांगितलं तरी त्यांना पटणार नाही. सगळं गाव असंच झालंय. मेलेल्या माणसांची खरी आठवण कुणाकडे उरली नाही. प्रत्येक घरात फोटोला हार आणि त्या हारामागे एक सीन.

इथपर्यंत मी हसत होतो. दुसऱ्याच्या घरचं होतं ना.

मग माझी आई गेली.

आईचं नाव गीताबाई. संग्रामपूरला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. ते दुकान तिच्या जिभेवर चालत होतं असं म्हणायला हरकत नाही. बोगस बियाण्याचा एजंट आला की ती पोत्यात हात घालायची, दाणे दाताखाली धरायची आणि म्हणायची, "हे तुह्या वावरात पेर आधी." तिला जेवायला आवडायचं. ताट भरून, भाजीवर कच्चं तेल घेऊन, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. घरात तंगी होती तेव्हाही तिने कधी उपवासाचं सोंग केलं नाही. एक भाकर असली की मोडायची. अर्धी माझ्या आणि राखीच्या पुढे, अर्धी स्वतःच्या. "मी जेवलीच नाही तं उद्या थापन कोन?" म्हणायची. राखी माझी धाकटी बहीण, अकोल्याला दिलेली.

आणि तिच्या सरणापुढे वामनरावांनी कोणता सीन सांगितला? आई आत चुलीपाशी आहे, भांड्यात काही नाही, आणि बाहेर जेवणाऱ्या पोराला कळू नये म्हणून ती रिकाम्या भांड्यात पळी फिरवून आवाज करते. पोराला वाटतं, आई जेवतेय. "त्या पयीचा आवाज माह्या कानात हाये," वामनराव म्हणाले, "अन् थे पयी गीतावहिनीच्या हातात होती." मोक्षधामात एक डोळा कोरडा राहिला नाही. मीही रडलो. आईची कवटी अजून फुटायची होती, तेव्हा समोर कुणी पंचांग वाचलं असतं तरी मी रडलो असतो.

घरी येऊन पाय धुतले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा पिक्चर मी पाहिला होता. आईच्या मांडीला मांडी लावून. गणपतीत चौकात व्हिडिओ आणला होता, अर्धं गाव गोणपाटावर बसलं होतं. हा सीन आला, बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या आणि माझी आई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "खोटाडी हाये थे बाई! पोराले फसवून राह्यली. उद्या मेली म्हंजे पोरगं जल्मभर रडन." लोकांनी तिला गप्प केलं. वामनरावांनीच मागून "श्शू" केलं होतं.

म्हणजे या माणसाने माझ्या आईला नेमकं त्या बाईच्या जागी बसवलं, जिला आई खोटारडी म्हणाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेरवीला दारात फ्लेक्स लागला. आईचा लग्नातला फोटो, कडेला कमळं, आणि खाली मोठ्या अक्षरात, स्वतः उपाशी राहून लेकरांना जगवणारी माऊली. राखीने परस्पर करून आणला होता. मी तो उतरवायला शिडी लावली तर ती खालून धावत आली.

"काऊन काढून राह्यला रे दादा?"

"खोटं आहे ते. आई कधी उपाशी राहिली? तूच सांग."

"असं काऊन म्हनतं? मले आठवते ना! तू बाहीर जेवून राह्यला होता अन् आई आतमधी पयी फिरवून राह्यली होती. मी पाह्यलं माह्या डोयानं."

मी शिडीवर तसाच थांबलो. राखी खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरोखर आठवत होतं. ठेचा खाऊन घाम पुसणारी, एजंटांना पिटाळणारी, भाकरीचे दोन तुकडे करणारी बाई तिच्या डोक्यातून निघून गेली होती, आणि तिथे दुसरीच कुणी रिकामं भांडं खरवडत बसली होती. आई एकदा जळाली ती परवडली. हे दुसऱ्यांदा जाळणं होतं.

मी तसाच वामनरावांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसले होते. त्यांची बायको झुंबरबाई तुरीची डाळ पाखडत होती. मी चप्पल न काढता म्हणालो, "काका, माझी आई कधी उपाशी राहिली नाही. तुम्ही गावासमोर खोटं बोलले."

ते जराही चिडले नाहीत. हेच मला सहन होत नाही.

"म्हनून काय बिघडलं बे? लोक रडले का नाही?"

"रडले. पण माझ्या आईसाठी नाही रडले. त्या पिक्चरमधल्या बाईसाठी रडले."

"खरं सांगून कोनी रडते काय राजकुमार?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुही माय तोंडाची फटकय होती. हे सांगू काय सरनापुढं? मानूस गेला म्हंजे त्याले एक चांगला सीन द्यावा. तेवढंच आपल्या हाती हाये."

झुंबरबाईचं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती. ती कधीच काही बोलायची नाही. मी निघालो तेव्हा तिने डाळीतला खडा वेचून अंगणात टाकला आणि सूप पुन्हा सुरू झालं.

तेव्हापासून मी वामनरावांशी बोलणं टाकलं. समोरून आले की मी गाडी वळवतो. त्यांच्या कोणत्याही श्रद्धांजलीला मी थांबत नाही, खांदा देऊन सरळ घरी. लोक म्हणतात राजकुमारला दुकानाचा माज आलाय. म्हणोत. तो सीन मी नंतर मोबाईलवर शोधून पुन्हा पाहिला. सीन उत्तम आहे. पळीचा आवाज येतो तिथे मी तो मागे नेऊन पुन्हा ऐकला. वाईट असता तर आईने त्याच्याशी टक्कर दिली असती. इतक्या चांगल्या सीनपुढे माझ्या आईचा निभाव कसा लागणार?

आणि गेल्या उन्हाळ्यात झुंबरबाई गेली. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या, कुणाला त्रास न देता.

आता पेच आला. ज्याच्या घरची मौत तो श्रद्धांजली बोलत नाही. वामनरावांना मूलबाळ नाही, तेव्हा अग्नीही त्यांनीच द्यायचा. मग बोलणार कोण? भगवंतरावांनी अंगणात जाहीर करून टाकलं, "राजकुमार बोलन. दिवसभर दुकानात बोलतेच थो." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला आठवलं की मला काय ठाऊक आहे.

ते माझ्या आईने शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं. वामनराव-झुंबरबाईंना एक मुलगी होती. दोन वर्षांची असेल. वामनराव कापूस घेऊन खामगावला गेलेले असताना तिला ताप चढला, डोळे फिरायला लागले. गावातला एक जण एस. टी.ने खामगावला निघाला होता, त्याच्यासोबत निरोप धाडला. वामनराव कुठे असतील हे सगळ्यांना माहीत होतं. टॉकीजच्या दारावरच्या माणसाने बॅटरी मारत जाऊन त्यांना निरोप दिला. ते म्हणाले, "आलोच." आणि पिक्चर संपेपर्यंत बसून राहिले. इकडे झुंबरबाई पोरीला उचलून एकटी संग्रामपूरच्या रस्त्याने डॉक्टरकडे चालत गेली, आणि तशीच चालत परत आली. वाटेत भेटली म्हणून आईला कळलं, आणि टॉकीजमधलं निरोप नेणाऱ्याकडून. आईने हे कधी कुठे बोलून दाखवलं नाही. एवढी फटकळ बाई, पण हे नाही.

म्हणजे आता सगळं गाव समोर बसणार, वामनराव हातात मडकं घेऊन उभे राहणार, आणि बोलायचा हक्क माझा. खोटं सांगू नका असा मी आई गेल्यापासून आग्रह धरला होता. तर खरंच सांगू. मनातून मला उकळ्या फुटत होत्या. चारचौघांत हे कबूल करायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

तिरडी बांधली जात होती तेव्हा वामनरावांनी मला हाताला धरून गोठ्यात नेलं.

"राजकुमार, तू बोलून राह्यला म्हने. एक काम कर. मी सीन सांगतो, थो सांगजो."

मी दाराकडे वळलो.

"पाऊस चालू असते. बाई आजारी पोट्टी घेऊन रस्त्यानं जाऊन राह्यली असते. चिखल. कोनी नाही. अन् मांगून तिचा नवरा धावत येते. अनवानी. काही बोलत नाही, नुसती पोट्टी तिच्या हातातून घेते अन् दोघं चालाले लागते." त्यांचा आवाज सरणापुढे लागतो तसा लागला नव्हता. "एवढंच सांगजो. झुंबरीचं नाव घेऊन. माहं घेतलं तरी चालते."

"हा कोणता पिक्चर?"

ते गव्हाणीच्या कडेला टेकले.

"त्याच दिवशीचा," म्हणाले. "तुह्या मायनं तुले सांगितलंच असंन. हा शेवटचा सीन हाये. थो पाह्यचा होता म्हनून उठलो नाही."

मला वाटलं होतं, मी त्या माणसावर जास्तीत जास्त जेवढा संतापू शकतो तेवढा आधीच संतापून झालोय. तसं नव्हतं. बायको पोर घेऊन उन्हात चालत असताना हा माणूस दुसऱ्याच्या बायकोपाशी दुसराच नवरा वेळेवर पोचतो की नाही, ते पाहायला बसून राहिला होता. आणि आता तो नवरा त्याला स्वतः व्हायचं होतं, माझ्या तोंडून, बायकोच्या सरणापुढे.

"तुमची झुंबरबाई आणि तुमचा सीन," मी म्हणालो, "दोन्ही माझ्या हातात देऊ नका काका." आणि बाहेर आलो.

मोक्षधामात ऊन मी म्हणत होतं. सरण पेटलं. लोक लिंबाखाली बसले. भगवंतरावांनी खूण केली. मी उभा राहिलो. वामनराव ओल्या धोतरात सरणाच्या बाजूला होते, त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी सांगितलं. एक शब्दही जास्तीचा घातला नाही. पाऊस नव्हता, वैशाखाचं ऊन होतं. एस. टी. निघून गेली होती. एक बाई पोरीला घेऊन संग्रामपूरला पायी गेली. मागून कुणी धावत आलं नाही. डॉक्टरने पोरीचे डोळे पाहिले आणि तिला परत दिली. बाई त्याच रस्त्याने परत निघाली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून पोरीच्या तोंडावर धरला होता. माझ्या आईने विचारलं, काय झालं? तर ती म्हणाली, ऊन लागून राह्यलं तिले. "ती बाई झुंबरबाई," मी म्हणालो आणि खाली बसलो.

लोक रडले. वामनरावांच्या कोणत्याही सीनला रडले नसतील असे रडले. म्हातारे गुडघ्यात तोंड घालून बसले. वामनराव रडले नाहीत. दोन मिनिटं शांतता पाळली, मग माणसं लिंबाचा पाला तोंडात टाकत उठायला लागली. मला वाटलं, आता कुणीतरी वामनरावांकडे वळून विचारेल, तुम्ही कुठी होते हो तेव्हा? मी त्याचीच वाट पाहत होतो.

भगवंतराव डोळे पुसत माझ्याकडे आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"काय सीन सांगितला बाप्पा!" ते म्हणाले. "वामनरावाच्या वरताण केली तू. थे पदराचं तं… कोनता पिक्चर हाये हा?"

मी हात सोडवून घेतला. आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे चेहरे तसेच होते, पिक्चर सुटल्यावर असतात तसे. पोस्टमन, पाट, पळी आणि आता पदर. मी खरं बोललो होतो आणि माझ्या गावात ते ऐकायला एकही माणूस शिल्लक नव्हता. एक सोडून.

"शेवटी येत असंन ना पन नवरा?" भगवंतरावांनी विचारलं. "तू तोडला असंन तिथी. पिक्चरमधी येतच असंन धावत?"

उत्तर बाजूने आलं.

"नाही येत," वामनराव म्हणाले.

भगवंतरावांनी पाला चावत थोडा विचार केला. "मंग कायले पाह्यचा असा पिक्चर?" म्हणाले आणि हातपाय धुवायला नळावर गेले.

वामनराव तिथेच उभे होते. माझ्याकडे पाहत होते, मी काही बोलेन म्हणून. बहुतेकांनी अशा वेळी खांद्यावर हात ठेवला असता. मी ठेवला नाही. माझ्या आईबद्दल त्यांनी जे खोटं सांगितलं ते सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. स्वतःचं खरं मात्र एकट्या भगवंतरावांना, हळूच, तेही पिक्चरचं आहे असं समजू देऊन. मी त्यांना म्हणालो, "काका, आता लोक आहेत अजून. मोठ्याने सांगा."

ते दुपट्ट्याने तोंड पुसत राहिले. तेवढ्यात लोक गेले.